रत्नागिरीत खानावळ टाकताय? नोंदणी तासाभराची, बर्फाची पेटी रोजची

रत्नागिरीत खाण्याच्या धंद्यात नवीन माणसं साधारण तीन वाटांनी येतात. मुंबईची नोकरी सोडून गावच्या घराला दोन खोल्या वाढवणारे होमस्टेवाले, मांडवीवर नाहीतर भाट्याच्या पुलापलीकडे गाडी लावणारे, आणि कुणाचं तरी चालतं हॉटेल अकरा महिन्यांच्या कराराने घेणारे. तिघांचा पहिला प्रश्न मात्र एकच असतो: "एफडीएचं किती लागतं हो?"

एफडीए म्हणजे राज्याचं अन्न व औषध प्रशासन, आणि किती म्हणजे पैसे किती. लहान धंद्याच्या नोंदणीचं सरकारी शुल्क वर्षाला १०० रुपये, एवढंच त्याचं उत्तर. विचारायला हवं ते वेगळंच. मिरकरवाड्याच्या जेट्टीवरून निघालेला बांगडा तुमच्या तव्यावर पडेपर्यंत कुठे, किती वेळ आणि कशात पडून असतो? तपासणीला येणारा अधिकारी शेवटी हेच बघतो. मी चोवीस माणसांची खानावळ चालवतो. कागद आणि मासा, दोन्हीत चुका करून शिकलो आहे. पहिल्यांदाच या भानगडीत पडणाऱ्यांसाठी हे क्रमाने लिहितो.

नोंदणी की परवाना, ते आधी ठरवा

अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ सालचा. त्याचे नियम ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाले आणि १९५४ चा जुना भेसळ प्रतिबंधक कायदा मागे पडला. या कायद्यात 'अन्न व्यवसाय' म्हणजे काय, हे नफ्यावर ठरत नाही. नफा असो वा नसो, लोकांना अन्न करून देत असाल तर तुम्ही त्यात आलात. म्हणून तर गणपतीच्या दिवसांत महाप्रसाद करणाऱ्या मंडळांनाही नोंदणी करायला सांगतात. "आम्ही काय हॉटेल नाही, पाहुण्यांना घरचंच जेवण देतो" असं म्हणणारे होमस्टेवालेही यातून सुटत नाहीत. जेवणाचे पैसे खोलीच्या भाड्यात धरलेत तरी तो धंदाच.

आणखी एक घोळ इथेच मिटवतो. एफएसएसएआय ही दिल्लीची केंद्रीय संस्था. नियम ती करते, ऑनलाइन पोर्टलही तिचंच. महाराष्ट्रात ते नियम राबवतं अन्न व औषध प्रशासन, म्हणजे आपण ज्याला एफडीए म्हणतो ते. प्रमाणपत्रावर नाव पहिल्याचं असलं तरी दारात उभा राहणारा माणूस दुसऱ्याचा असतो. त्याचं पद अन्न सुरक्षा अधिकारी. त्याच्यावर जिल्ह्याला सहायक आयुक्त, अन्न. कायद्याच्या कागदात यांनाच पदनिर्देशित अधिकारी म्हणतात. नोटीस निघते ती यांच्या सहीने.

पायऱ्या तीन: लहान धंद्याला नोंदणी, त्यावर राज्याचा परवाना, फार मोठ्याला केंद्राचा. २०११ च्या नियमावलीने नोंदणीची रेघ वर्षाला १२ लाखांच्या उलाढालीवर मारली आणि साध्या हॉटेलाच्या परवान्याला वर्षाचे २,००० रुपये ठरवले. या रेघा आणि रकमा अधिसूचना काढून सरकवता येतात. तेव्हा दोन वर्षांपूर्वी शेजाऱ्याने काय भरलं यावर जाऊ नका. अर्जाच्या दिवशी पोर्टलवर 'पात्रता तपासा' हे पान उघडा आणि तिथला आकडा धरा. उलाढाल म्हणजे नफा नव्हे, गल्ल्यात आलेला सगळा पैसा. दिवसाला पाच हजारांचा धंदा असेल तर वर्षाचे अठरा लाख होतात. हा हिशेब न करता सगळे डोळे झाकून 'लहान' वर टिचकी मारतात.

बाकीच्या कागदांवर फार वेळ घालवत नाही. थोडेच कामगार असतील तर २०१७ च्या दुकाने अधिनियमाखाली ऑनलाइन सूचना दिली की पुरतं. जास्त झाले की नोंदणी; २०१७ साली ही रेघ दहा कामगारांवर होती, आजचा आकडा विचारून घ्या. नगर परिषदेचं, अग्निशमनाचं त्यांच्या त्यांच्या खिडकीवर विचारा. बिअर ठेवायची असेल तर तो उत्पादन शुल्क खात्याचा विषय, एफडीएचा नंबर तिथे चालत नाही.

अर्ज: मोबाईल तुमचाच द्या

अर्ज एफएसएसएआयच्या 'फॉसकॉस' या पोर्टलवर होतो. नोंदणीसाठी फोटो, ओळखपत्र, जागेचा पुरावा, बस. लाइट बिल वडिलांच्या किंवा मालकाच्या नावावर असेल तर भाडेकरार किंवा संमतिपत्र जोडा. परवान्याला यापेक्षा जास्त लागतं: स्वयंपाकघराचा मापांसह नकाशा, भागीदार असतील तर त्यांचे कागद, अन्न सुरक्षेची जबाबदारी कोणावर त्याचं नामनिर्देशन. तासाभराचं काम आहे. दहावी झालेली पुतणी आमच्याकडे हे बसून करते.

मी मात्र पहिल्या वेळी एका एजंटाकडे गेलो. शंभराच्या नोंदणीचे त्याने अडीच हजार घेतले. त्याचं दुःख नाही, अज्ञानाची फी म्हणून सोडून दिलं. दुःख असं की अर्जात मोबाईल आणि ई-मेल त्याने स्वतःचे टाकले. पुढे सात महिन्यांनी माझ्या नावाने काहीतरी विचारणा आली ती गेली त्याच्या फोनवर. त्याने ती बघितली की नाही देव जाणे, मला कळलं वीस दिवसांनी आणि तेही कार्यालयात दुसऱ्याच कामाला गेलो म्हणून. एजंटाकडून करून घ्यायचं असेल तर घ्या, पण 'पाठवा'चं बटण दाबण्याआधी पडद्यावर नंबर आणि ई-मेल स्वतः वाचा. पासवर्ड स्वतःच्या वहीत लिहून घ्या.

धंद्याचा प्रकार निवडतानाही घाई नको. उपाहारगृह, केटरर, चहा-नाश्त्याची टपरी, फिरती गाडी हे सगळे वेगळे प्रकार आहेत. एकापेक्षा जास्त निवडता येतात. खानावळ चालवता आणि लग्नाच्या पंक्तीही घेता, तर दोन्ही टाका. नाहीतर मंगल कार्यालयात तपासणी झाली की तुमच्याकडे त्या कामाचा कागदच नसतो. नोंदणी जागेपुरती असते; मांडवीला एक गाडी आणि नाचण्याला दुसरी शाखा, तर दोन नोंदण्या.

चालतं हॉटेल घेणाऱ्यांनी इथे कान द्यावा. भिंतीवर आधीच्या माणसाचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं असतं आणि तो सांगतो, "परवाना आहे, तुम्ही फक्त चालवा." तो परवाना त्याचा आहे. विकत, भाड्याने, बक्षीस कसाही तो तुमचा होत नाही. मालक वारला तर वारसांच्या नावे करून घेण्याची सोय नियमात आहे, जिवंत माणसाने दुसऱ्याला देण्याची नाही. करारावर सही केली की पहिला अर्ज स्वतःच्या नावाने करा.

नोंदणीच्या अर्जावर सात दिवसांत एकतर ती मिळते, नाहीतर कारणासह नाकारली जाते, नाहीतर तपासणी करू असं कळवतात. तपासणी ठरली तर ३० दिवसांत निकाल. परवान्याला ६० दिवसांची मुदत. मध्येच 'त्रुटी' म्हणून अर्ज परत येतो. त्याचं उत्तर ३० दिवसांत द्यायचं. बहुतेकांचे अर्ज इथेच मरतात, कारण त्रुटीचा संदेश आलेला कोणी उघडून बघत नाही.

मिळालेला नंबर चौदा आकडी असतो. त्याचा पहिला आकडा १ असेल तर परवाना, २ असेल तर नोंदणी. पुढचे दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचा १५. त्यापुढचे दोन वर्षाचे. हे सांगतो ते तुमच्यासाठी नाही, तुम्हाला पनीर, मसाले, तेल विकणाऱ्यांसाठी. त्यांच्या बिलावरचा नंबर वाचायची सवय लागली की खोटा नंबर पोर्टलवर दोन मिनिटांत पकडता येतो. तुमचा नंबरही १ जानेवारी २०२२ पासून बिलावर छापणं सक्तीचं आहे. प्रमाणपत्र आणि अन्न सुरक्षा फलक गिऱ्हाइकाला दिसेल तिथे लावायचा. गल्ल्यामागे, कॅलेंडरच्या खाली लावलेला चालत नाही. मुदत आणि शुल्काच्या तारखा प्रमाणपत्रावर असतात, त्या मोबाईलवर लावून ठेवा.

बर्फ, मासा, पाणी

आता खरं काम. बंदराच्या गावात हॉटेल चालवणं आणि घाटावर चालवणं यात फरक इथेच पडतो.

बर्फापासून सुरू करतो. जेट्टीवर लाद्या टेम्पोतून उतरतात, मशीनमध्ये फुटतात आणि फावड्याने माशावर पडतात. हा बर्फ कोणत्या पाण्याचा, तो जमिनीवर किती घासला, कोणी विचारत नाही. २०१८ साली महाराष्ट्राच्या एफडीएने ठरवून दिलं की खाण्यासाठी नसलेला बर्फ निळसर करायचा, म्हणजे तो सरबतात पडला तर गिऱ्हाइकाला दिसेल. निळा दिसला तर सोपं आहे, तो पेल्यात जाणारच नाही. पण पांढरा आहे म्हणजे पिण्याच्या पाण्याचाच, असं समजू नका. पेल्यातला बर्फ एकतर स्वतः जमवा, नाहीतर नोंदणी असलेल्या कारखान्याकडून बिलासकट घ्या. त्याचं भांडं वेगळं, चमचा वेगळा.

माझी स्वतःची फजिती सांगतो. मे महिना, दुपारचे दोन, बाहेर रांग. फ्रीज भरलेला. पोऱ्याने पाण्याच्या बाटल्या माशाच्या थर्मोकोलच्या पेटीत खोचल्या होत्या, सुरमईच्या तुकड्यांच्या बाजूला, कारण "तिथे लवकर गार होतात". नेमके त्याच दिवशी अधिकारी आले. त्यांनी आधी पेटीचं झाकण उघडलं. एक बाटली काढली, नाकाशी नेली आणि काही न बोलता माझ्या हातात दिली. बाटलीच्या बुडाला माशाचा खवला चिकटलेला होता. बूच बंद होतं, पाणी आतलं शुद्ध होतं, सगळं खरं. पण ती बाटली गिऱ्हाईक हातात धरतं आणि त्याच हाताने भाकरी मोडतं. मी काय उत्तर देणार?

तेव्हापासून आमच्याकडे दोन पेट्या. माशाच्या पेटीवर लाल रंगाने 'मासा' लिहिलंय आणि तिच्या बुडाला भोक पाडून नळी लावली आहे. वितळलेलं पाणी पेटीत साचू द्यायचं नाही. मासा बर्फात हवा, बर्फाच्या पाण्यात पोहता कामा नये. रात्री पेटी रिकामी करून घासून उलटी ठेवायची. थर्मोकोल घासून साफ होत नाही, तो आत वास धरतो. परवडलं की झाकणाची प्लास्टिकची पेटी घ्या.

माशाची पारख तुमच्या आईला आणि बाजारातल्या मावशींना माझ्यापेक्षा जास्त कळते: डोळा वर आलेला, कल्ले लाल, बोटाने दाबलं तर मांस परत वर येतं. इथे फक्त असं सांगतो जे डोळ्यांना दिसत नाही. बांगडा, सुरमई, कुपा (टूना) हे मासे पकडल्यावर तापले की त्यांच्यात हिस्टामाइन नावाचा पदार्थ तयार होतो. तो शिजवून जात नाही, तळून जात नाही, फ्रीझरमध्ये टाकूनही जात नाही. असा मासा खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल होतं, डोकं ठणकतं, अंगाला खाज सुटते. लोक म्हणतात "मासे बाधले", आणि दोष मसाल्याला नाहीतर स्वतःच्या पोटाला देतात. मासा बाधतो तो बहुतेक वेळा उन्हात राहिल्याने. म्हणून जेट्टीवर जाताना पेटी आणि बर्फ घेऊनच जा. स्कूटरच्या पुढ्यात पिशवी लटकवून, वाटेत किराणा घेत, चहा पीत घरी येणं बंद करा. लिलाव आटपल्यावर पाऊण तासाने पेटीत गेलेला बांगडा मी आता विकत घेत नाही.

२०१८ च्या जुलैत गोव्यात मासा टिकवायला फॉर्मेलिन हे विषारी रसायन लावतात म्हणून गदारोळ झाला, बाहेरून येणारा मासा काही काळ अडवला गेला, तो इकडेही सगळ्यांच्या लक्षात आहे. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने फॉर्मेलिन आणि अमोनिया ओळखायच्या कागदी पट्ट्या काढल्या आहेत. घाऊक माल बाहेरगावाहून घेणार असाल तर त्या जवळ असाव्यात. रोज जेट्टीवरून पाच किलो घेणाऱ्याला त्यांची फारशी गरज पडत नाही, असं माझं मत.

तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, आणि कालवं वेगळी काळजी मागतात. ती जिथे वाढतात तिथलं पाणी गाळून खातात, त्यामुळे खाडीत सांडपाणी सुटत असेल तर ते सगळं त्यांच्या पोटात. कुठल्या खाडीतल्या, हे आणणाऱ्या बाईला विचारा. शिजवल्यावर ज्या शिंपल्या उघडत नाहीत त्या सरळ टाकून द्या, सुरीने उघडायला जाऊ नका.

पाण्याचं थोडक्यात, पण हलक्यात घेऊ नका. अधिकाऱ्याला पिण्यायोग्य पाण्याचा प्रयोगशाळेचा अहवाल लागतो, दर सहा महिन्यांनी एक. रत्नागिरीत जिल्हा सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा आहे. नमुन्याची बाटली तिथून निर्जंतुक केलेली घ्या. घरची बिसलेरीची रिकामी बाटली धुऊन नेली तर अहवालाला अर्थ राहत नाही. उन्हाळा ताणला की टँकर येतो, आणि किनाऱ्यालगतच्या विहिरी मचूळ होतात. टँकरचं पाणी टाकीत घेतलं की आधीचा अहवाल त्या पाण्याचा राहिला नाही. टाकी कधी धुतली त्याची तारीख टाकीवरच खडूने लिहा.

स्वयंपाकघरात अधिकाऱ्याची नजर कुठे जाते

केटरिंग आणि उपाहारगृहांच्या तपासणीची यादी ११४ गुणांची आहे, आणि ती पोर्टलवर कोणालाही बघायला मिळते. छापून भिंतीवर लावा. त्यात काही कलमांपुढे चांदणी आहे. ती कलमं जास्त गुणांची, आणि त्यातलं एक जरी चुकलं तरी बाकीच्या गुणांचा उपयोग नाही. नव्या माणसाने आधी चांदण्या सांभाळाव्या, फरशीचा रंग नंतर.

अंश लक्षात ठेवायचे ते तीनच: थंड ५ च्या खाली, गरम ६५ च्या वर, गोठवलेलं उणे १८. या ५ आणि ६५ च्या मधला काळ जेवढा कमी, तेवढं बरं. चारशे-पाचशे रुपयांत खुपसायचा थर्मामीटर मिळतो, तो घ्या. घरगुती फ्रीजचं दार दुपारच्या गर्दीत पन्नास वेळा उघडतं, आत किती अंश आहेत हे बाहेरच्या बटणावरून कळत नाही. आमच्या फ्रीजचं बटण '४' वर होतं आणि दुपारी तीनला आत ११ अंश निघाले होते.

कच्चं आणि शिजलेलं एकमेकांना शिवू नये हे सगळ्यांना पाठ असतं. तरी चूक होते ती एकाच ठिकाणी, तव्यापाशी. रव्यात घोळवलेल्या तुकड्या ज्या परातीत मांडून ठेवतात, त्याच परातीत तळून झालेल्या काढतात. परात हाताशी असते म्हणून. तव्याच्या डाव्या हाताला कच्च्याची परात, उजव्या हाताला जाळीचं ताट, असं एकदा लावून द्या आणि चिमटेही दोन करा. फ्रीजमध्ये कच्चा मासा नेहमी खालच्या कप्प्यात, म्हणजे गळला तरी वाटणावर गळणार नाही.

सोलकढीकडे कोणी संशयाने बघत नाही, मी बघतो. ती चुलीवर चढत नाही. नारळाचं दूध, पाणी, आगळ, आणि दूध काढताना घातलेला हात. कोकमाचा आंबटपणा थोडी राखण करतो, पण मे महिन्यात चार तास टेबलावर राहिलेली सोलकढी कोणालाही वाचवता येत नाही. थोडी थोडी करा, फ्रीजमध्ये ठेवा, रात्री उरली तर ओतून द्या. दुसऱ्या दिवशीच्या ताज्यात मिसळणं हा या धंद्यातला सगळ्यात महागडा काटकसरीचा प्रकार आहे.

तळणीच्या तेलात ध्रुवीय संयुगांचं (तेल पुन्हापुन्हा तापवल्याने तयार होणाऱ्या घटकांचं) प्रमाण २५ टक्क्यांवर गेलं की ते वापरायचं नाही, हा नियम २०१८ पासून आहे. मोजायचं यंत्र अधिकाऱ्याकडे असतं. तुमच्याकडे नसेल तर तेल काळं पडलं, फेस धरू लागलं, थंड असताना चिकट लागलं की बदला, मोजायची वाट बघू नका. भजी, वडे वर्तमानपत्रात बांधून देणं बंद. शाई तेलात उतरते आणि २०१८ च्या पॅकेजिंग नियमांत ते सरळ मना आहे.

आणि मांजर. कोकणातल्या मासे करणाऱ्या स्वयंपाकघरात मांजर नसेल असं होत नाही, आणि मालकाला ते घरचंच वाटतं. अधिकाऱ्याला नाही. मागच्या दाराला जाळीचं दार बसवा, माशाची घाण झाकणाच्या डब्यात टाका आणि रात्री बाहेर काढा. घाण बंद झाली की मांजर आपणहून शेजारच्या हॉटेलात जातं.

फाईल

एक जाड फाईल, पुढच्या खणात. तीत प्रमाणपत्राची प्रत, पाण्याचा अहवाल, कामगारांचे वर्षाचे वैद्यकीय दाखले आणि लसीकरण, कीटकनाशक फवारणीची बिलं, किराण्याची बिलं. दाखला बदली पोऱ्याचाही लागतो. सिझनला नेपाळहून किंवा कर्नाटकातून आलेला मुलगा दोन महिन्यांसाठीच आहे, ही सबब चालत नाही. परवानाधारकांना दर पंचवीस कामगारांमागे एक 'फोस्टॅक', म्हणजे एफएसएसएआयचं अन्न सुरक्षेचं प्रशिक्षण घेतलेला माणूस ठेवावा लागतो. मालकाने स्वतःच ते केलेलं बरं, आचारी दिवाळीला निघून जातो.

जेट्टीवर माशाचं बिल कोणी देत नाही. तिथे वही ठेवा: तारीख, कोणाकडून, कोणता मासा, किती किलो, किती वाजता पेटीत. पाच रकाने, रोज एक ओळ. तक्रार आली त्या दिवशी या वहीइतका उपयोगी कागद दुसरा नसतो.

अधिकारी आले

सांगून येतीलच असं नाही. ऐन गर्दीतही येतील. घाबरू नका आणि चहाचा आग्रह नको. ओळखपत्र बघायला मागा, त्याचा कोणी राग धरत नाही. फोनवरून "मी फूड ऑफिसर बोलतोय, अमुक नंबरवर पैसे टाका, नाहीतर परवाना रद्द" असं म्हणणारा तोतया. शुल्क पोर्टलवर भरतात, कोणाच्या मोबाईलवर नव्हे.

एका जबाबदार माणसाने त्यांच्याबरोबर फिरावं. मालक नसेल तर कोण, हे आधीच ठरलेलं असू दे. बहुतेक जण फोनवरच्या अॅपमध्ये नोंदी करतात आणि फोटो काढतात. काढू द्या. विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्या. माहीत नसेल तर "बघून सांगतो" म्हणा. माझ्या आचाऱ्याने एकदा उत्साहात "वाटण तीन दिवस टिकतं आपलं" असं अभिमानाने सांगितलं होतं. शेवटी अहवालावर सही करण्याआधी तो वाचा. काही चुकीचं वाटलं तर खाली तसं लिहून सही करा. प्रत मागून घ्या.

नमुना घेतला तर पद्धत ठरलेली आहे. तुम्हाला त्या जिन्नसाचे पैसे विक्रीच्या दराने मिळतात, नोटीस मिळते, नमुन्याचे चार भाग करून तुमच्यासमोर सीलबंद करतात. एक भाग अन्न विश्लेषकाकडे, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे. चौथा मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळेत पाठवा, अशी मागणी तुम्ही तिथल्या तिथे लेखी करू शकता, खर्च तुमचा. हे फार थोड्यांना ठाऊक असतं. विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तो विरुद्ध गेला तर ३० दिवसांत अपील. तारीख चुकली की हक्क गेला.

सुधारणा नोटीस

कलम ३२ खालची सुधारणा नोटीस म्हणजे धंदा बंद नव्हे. काय चुकलं, कोणता नियम मोडला, काय करायचं ते तीत लिहिलेलं असतं आणि किमान १४ दिवसांची मुदत असते. एकेका मुद्द्यासमोर काय केलं ते लिहा, आधीचा आणि नंतरचा फोटो जोडा, मुदतीच्या आत द्या आणि पोच घ्या. "सुधारणा केली आहे" एवढ्या एका ओळीचं उत्तर देऊ नका. मुदत गेली आणि काहीच केलं नाही तर परवाना निलंबित होतो, पुढे रद्दही होऊ शकतो. त्यावर १५ दिवसांत अन्न सुरक्षा आयुक्तांकडे अपील आहे. अस्वच्छतेला कलम ५६ मध्ये एक लाखापर्यंत दंड आहे, आणि अधिकाऱ्याचे निर्देश न पाळण्याला कलम ५५ मध्ये दोन लाखांपर्यंत. घाणीपेक्षा दुर्लक्ष महाग ठेवलंय, हे मला पटतं.

माझ्या त्या बाटलीच्या प्रकरणात नोटिशीत चार मुद्दे होते. दोन पेट्यांचा खर्च तीन हजारांच्या आत आला. नवव्या दिवशी फोटोंसह उत्तर दिलं, पुढच्या महिन्यात फेरतपासणी झाली. तेव्हाही त्यांनी आधी पेटीचंच झाकण उघडलं.

एक गोष्ट राहिली. १ जून ते ३१ जुलै समुद्रात यांत्रिक मासेमारी बंद असते. नावा किनाऱ्याला, जेट्टी ओस, पण पर्यटक येतच असतात आणि त्यांना सुरमईच हवी असते. त्या दोन महिन्यांत बहुतेक ठिकाणी गोठवलेला माल चालतो, त्यात काही वाईट नाही, उणे १८ ला नीट ठेवलेली सुरमई जेट्टीवर उन्हात पडलेल्यापेक्षा केव्हाही बरी. मात्र फळ्यावरचा 'ताजा' हा शब्द ३१ मेच्या रात्री पुसायचा. खोटं वर्णन करून विकलेलं अन्न हाही गुन्हाच आहे. मी खडूने लिहितो, 'सुरमई, फ्रोजन'. पुण्याचं गिऱ्हाईक फळा वाचतं, माझ्याकडे बघतं, बायकोच्या कानात काहीतरी बोलतं आणि बहुधा तीच मागवतं.